विहीणबाई आणि घशातला र

आमच्या लेकीने एका फ्रेंच मुलाशी लग्न केलं आणि पॅरिसमध्ये संसार थाटला, याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार एवढीच, की त्याची आई पहिल्यांदा नेरूळला आमच्या घरी येणार असं ठरल्यावर लेकीने मला फोनवर बजावलं, "आई, प्लीज, त्यांच्याशी फ्रेंच बोलायला जाऊ नकोस हं. मी आहे ना मधे."

मला कुणी 'करू नकोस' म्हटलं की माझ्या अंगात येतं. त्यात मी चांगली वर्षभर फ्रेंच शिकत होते. शेजारच्या सोसायटीत पाँडिचेरीत वाढलेल्या एक तमिळ बाई राहतात, त्या दुपारच्या वेळी आम्हा चार-पाच बायकांचा वर्ग घेतात. त्यांचा र आपल्यासारखाच खणखणीत. 'मेर्सी' म्हणाल्या की तो र भांडं पडल्यासारखा वाजतो. मी मूळची साताऱ्याकडची, असला र मला शिकावा लागत नाही. वर्गात सगळ्यात छान उच्चार तुमचे, असं बाई म्हणायच्या आणि मी दिवसभर हवेत असायचे.

एकदा व्हिडिओ कॉलवर मी लेकीला चार वाक्यं म्हणून दाखवली, तर ती पोट धरून हसली. "अगं आई, र घशातून काढायचा! गुळणी करताना येतो ना आवाज, तसा. मेख्सी! आणि ब्रेडला 'पँ' म्हणायचं, शेवट नाकात सोडून द्यायचा." फोन ठेवल्यावर मी आरशासमोर उभी राहून घशातला र काढायचा प्रयत्न केला. आतून हे म्हणाले, "घसा धरलाय का? हळद घालून दूध घे."

हीच पोरगी शाळेत असताना मला म्हणायची, "टीचरसमोर 'व्हय' म्हणू नकोस ना." तेव्हाही मी हसण्यावारी नेलं आणि तेव्हाही मला लागलं होतं.

पण या खेपेला मी ऐकणार नव्हते. विहीणबाईंना एक वाक्य मला स्वतःच्या तोंडाने सांगायचं होतं: माझ्या मुलीला सांभाळा. परमुलखात एकुलती एक पोर दिलेली आई दुसरं काय सांगणार? लेकीला भाषांतर करायला सांगितलं असतं तर "मी काय कुंडीतलं झाड आहे का?" म्हणून मोकळी झाली असती. म्हणून वर्गाच्या बाईंकडून ते वाक्य बसवून घेतलं. 'प्रने स्वँ द मा फीय.' मेथी निवडताना घोकलं, लिफ्टमध्ये घोकलं. लिफ्टमधल्या शेजारीण बाईंना वाटलं, मी कुठला तरी जप करते आहे.

विहीणबाई आल्या. फ्रान्सच्या दक्षिणेकडच्या एका खेड्यात त्या बदकं पाळतात. ठेंगण्या, दणकट, हात माझ्या आत्यासारखे कामाचे. पण पहिले दोन दिवस त्या जेमतेम तोंड उघडायच्या. त्यांच्या वतीने जावईच बोलायचे आणि माझ्या वतीने लेक. बाई शिष्टच दिसतात, असं मी मनात ठरवून टाकलं.

तिसऱ्या दिवशी लेक आणि जावई कसल्याशा कागदपत्रांसाठी बेलापूरच्या सरकारी कचेरीत गेले. म्हणजे दिवस गेलाच. ह्यांनी लवकर जेवून घेतलं आणि "भाषेचं खातं तुझं" म्हणून बेडरूम गाठली. उरलो आम्ही दोघी आणि पुरणपोळ्या.

मी पोळी वाढली, वर तुपाची धार सोडली. विहीणबाईंनी ती संपवली आणि शेवटच्या तुकड्याने ताट लख्ख पुसून घेतलं. मी दुसरी वाढली. त्या "नों, नों" असं काहीतरी पुटपुटल्या. आता पाहुण्याचं पहिलं 'नको' कधी कुणी ऐकतं का? त्यांनी तीही संपवली, ताट पुसलं. मी आणखी वाढली. त्यांच्या कपाळावर घाम आला, पण घास थांबेनात. आपल्याकडे पाहुण्याचं ताट रिकामं दिसलं की वाढणाऱ्याची अब्रू जाते. त्यांच्या गावात ताटात काही उरलं की खाणाऱ्याची जाते, हे मला नंतर कळलं. तोवर दोघी आपापली अब्रू राखत होतो.

शेवटी मी पुन्हा उलथनं उचललं, तेव्हा बाईंनी दोन्ही हात पसरून ताट झाकलं आणि त्या ओरडल्या, "नों, मादाम-अ! जे वे मूरीर!" मी मरेन, म्हणत होत्या. पण माझं लक्ष मरणाकडे नव्हतंच. तो र! दोन्ही र! घशाचा कुठे पत्ताच नव्हता, थेट जिभेच्या शेंड्यावरून आलेले, खणखणीत.

मला इतका आनंद झाला की उलथनं हातात तसंच ठेवून मी माझं वाक्य म्हणून टाकलं. 'प्रने'मधला र असा दणकून लावला की हे बेडरूममधून बाहेर डोकावून गेले.

विहीणबाई बघतच राहिल्या. मला फ्रेंच येतं, मग दोन दिवस गप्प का होते, असं त्यांनी विचारलं. "मुलगी हसते," मी सांगितलं. त्यावर त्या इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. मग एकेक शब्द सुटा करून, मला कळेल असं बोलल्या. त्यांच्या गावात ब्रेडला 'पॅंग' म्हणतात, शेवट वाजवून. पॅरिसच्या हॉटेलात त्या 'पॅंग' म्हणाल्या की लोक वळून बघतात, म्हणून मुलगा त्यांना मागूच देत नाही, स्वतः मागतो.

"तुमची मुलगी तशी नाही," त्या म्हणाल्या. "दर रविवारी मला फोन करते. म्हणते, 'काहीही बोला, बदकांबद्दल बोला. तुमचा र ऐकला की मला माझी आई ऐकू येते.'"

मी उलथनं खाली ठेवलं. आनंद झाला, डोळे भरून आले आणि त्याच वेळी पोरीच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटला. रविवारी मलाही फोन असतो. त्यात हे कधी नव्हतं.

"सांभाळण्याचं म्हणाल," विहीणबाई म्हणाल्या, "तर तीच मला सांभाळते."

संध्याकाळी बेल वाजली. दार उघडून मी जिभेच्या शेंड्यावरून म्हटलं, "बाँस्वार!"

"आई, घशातून गं," लेक दमलेल्या आवाजात म्हणाली.

"घशातून काढीन की," मी म्हटलं. "मग रविवारी तुला आई कशात ऐकू येणार?"

तिने माझ्या खांद्यावरून सासूकडे पाहिलं. सासू शांतपणे चहा पीत होती. पोरगी कानापर्यंत लाल झाली. मग चपला न काढताच आत आली आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून उभी राहिली. तिला चांगलं फैलावर घ्यायचं मी ठरवलं होतं, ते राहूनच गेलं.