धुऊन प्यायलेला ग्लास

अन्नतंत्रज्ञानाच्या शेवटच्या वर्षाला वाइनचं प्रात्यक्षिक असतं, हे मी तीन वर्षं घरी सांगितलंच नव्हतं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. तिथं काय शिकवतात हे कुणी विचारतही नव्हतं. पण यंदा नाशिककडच्या एका वायनरीत तीन महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी आमच्यातल्या दोघांना घेणार होते, आणि निवड चव ओळखण्यावर होणार होती. मग सांगणं भागच पडलं.

उमरगा तालुक्यातलं आमचं घर लिंगायतांचं. दारूचं नावही निघत नाही. मी आईला समजावलं, की वाइन तोंडात फिरवायची आणि भांड्यात थुंकायची, मोठे जाणकारही तसंच करतात.

"थुंकायचंच हाय तर तोंडात घेता कशाला गं?"

मी परत निवडीचंच सांगत राहिले. शेवटी तीच म्हणाली, "बरं, बस परीक्षेला. पर एक थेंब पोटात जाऊ देऊ नको. गेला तर नाशिक-बिशिक काय न्हाय."

मी शब्द दिला.

प्रात्यक्षिकाला वायनरीतल्या एक मॅडम आल्या. त्यांनी फ्रान्समधल्या बोर्दो भागातली जुनी लाल वाइन आणली होती. प्रत्येकाच्या ग्लासात दोन-तीन घोट.

आधी रंग. पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका धरला. मध्ये गडद, कडेला विटेसारखा. म्हणजे वाइन मुरलेली. मग वास. शेजारच्यानं भराभर 'ब्लॅकबेरी, सीडार' लिहिलं. मी ब्लॅकबेरी खाल्लेली नाही, सीडारचं झाड पाहिलेलं नाही. मला पिकून मऊ पडलेलं जांभूळ आठवलं, आणि त्यामागून शार्पनरमधल्या पेन्सिलीच्या सालींचा वास आला. हसतील असं वाटलं, तरी तेच लिहिलं. दुसरं काही खरं नव्हतं.

तोंडात घेतल्यावर आधी आंबट लागली, मग हिरड्यांवर तुरटपणा पसरला. पण कच्च्या केळ्यासारखा जीभ धरून बसणारा नाही, हळूहळू सुटणारा. थुंकल्यावरही चव बराच वेळ राहिली. थुंकायचा मात्र मी असा जोर लावला, की मॅडम म्हणाल्या, "हळू गं, भांडं फुटेल!"

कागद लिहून झाला आणि हायसं वाटलं. ग्लासाच्या तळाशी थोडी वाइन उरली होती. मी टेबलावरच्या जगमधलं पाणी त्यात ओतलं, ग्लास गोल फिरवला आणि पिऊन टाकला.

सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. मग जो हसला!

आमच्यात जेवण झालं की ताटात पाणी घालून, बोटानं ताट धुऊन ते पाणी प्यायचं असतं. शीतसुद्धा वाया घालवायचं नाही. हाताला इतकी सवय, की डोक्याला विचारतच नाही.

"इतकं थुंकलीस आणि शेवटी धुऊन प्यायलीस?" मॅडमना हसू आवरेना. माझा चेहरा बघून त्यांनी कारण विचारलं, मी अडखळत सांगितलं. मग त्या माझा कागद वाचून म्हणाल्या, "पेन्सिली सीडारच्या लाकडाच्याही करतात. तू नाव नाही लिहिलंस, वास लिहिलास." दोघांमध्ये माझं नाव आलं.

बाहेर मैत्रिणी म्हणाल्या, "घरी सांगूच नको. कुणाला कळतंय?" खरंच कुणाला कळलं नसतं. पण मग तीन महिने तिथं राहून आईशी रोज काय बोलले असते? फोन लावला.

"आई, निवड झाली. पण पोटात गेलं."

"किती?"

"ग्लास धुतलेलं पाणी. सवयीनं."

ती बाजूला तोंड करून वडलांना, म्हणजे अण्णांना, सांगताना ऐकू आली, "अवो, ऐकलं का? पोरगीनं दारूचा गिलास ताटावानी धुऊन पिला!" दोघं इतके हसले, की मला फोन कानापासून लांब धरावा लागला.

"शब्द मोडला मी," मी म्हणाले.

"मुद्दाम मोडलास का?"

"न्हाय."

"मग जा. पर त्या लोकांला सांग, हिच्यापुढं पाण्याचा जग ठिवू नका म्हणावं."