कोऱ्या डोळ्यांचं चित्र

माझ्या धाकट्या भावाला कॉमिक्सचं वेड आहे आणि मला त्या वेडाचा मनापासून राग होता. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर मी कोणी समजूतदार बहीण होते असं वाटायचं. प्रेसमध्ये नोकरी करणारा, डोक्यावर चार पांढरे केस आलेला माणूस, आणि दर वर्षी गोरेगावच्या त्या कॉमिक्सच्या मेळाव्यात जाऊन तासन्‌तास रांगेत उभा राहणार. कशाला? तर एका चित्रकाराची सही घ्यायला. दर वर्षी त्याच माणसाची. "अरे, त्याची सही काय दर वर्षी बदलते का?" मी विचारायचे. तो नुसता हसायचा.

तो चित्रकार भुताची एक मालिका काढतो. तिच्यात एक भाडेकरू आहे. त्याला कान आहेत, नीट विंचरलेले केस आहेत, शर्टाची कॉलर कडक इस्त्रीची आहे, पण मधे चेहराच नाही, नुसता पांढरा कागद. दर अंकात तो आपल्याच बाजूच्या एखाद्या सोसायटीत खोली घेतो, कधी मालाडला, कधी मुलुंडला. भाडं म्हणून तो त्या घराला हवं ते देतो. अडलेलं लग्न जमतं, अंथरुणाला खिळलेलं माणूस उठून चालायला लागतं. आणि मग त्याच घरातल्या दुसऱ्या एका माणसाचे डोळे चित्रात कोरे दिसायला लागतात. गोष्टीतल्या कोणालाच ते कळत नाही, फक्त वाचणाऱ्याला दिसतं. शेवटच्या पानावर घर जेवायला बसतं, एक ताट कमी असतं आणि कोणाला काही आठवत नाही. मी एकच अंक वाचला, मी काम करते त्या रक्ततपासणीच्या लॅबमध्ये, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत. त्या दिवशी डबा तसाच घरी परत नेला.

ह्या चित्रकाराची एक पद्धत होती. सही मागायला येणाऱ्याला तो समोर बसवायचा, दोन मिनिटांत त्याचा चेहरा काढून द्यायचा आणि खाली सही करायचा. तसाच एक चेहरा स्वतःच्या वहीत उतरवून ठेवायचा. मग पुढच्या एखाद्या अंकात तुम्ही दिसायचात, लिफ्टमधला शेजारी म्हणून, नाहीतर सोसायटीच्या मीटिंगमध्ये जांभई देताना. माझा भाऊ असा दोनदा छापून आला होता. आईने ती पानं फ्रेम करून कांजूरमार्गच्या घरात लावली होती, देवांच्या शेजारीच. त्यावरूनही मी भांडले होते.

मग भावाच्या किडन्या गेल्या. दोन वर्षं आठवड्यातून तीनदा डायलिसिस. तोंड सुजलं, रंग काळवंडला, केस विरळ झाले. डायलिसिससाठी डाव्या हातातली शीर धमनीला जोडून घेतली होती. तिथे बोट ठेवलं की आत काहीतरी सतत घुरघुरतं. लोकांचं रक्त काढणं हा माझा रोजचा धंदा, पण त्या हाताला हात लावायला मला नको वाटायचं. माझी किडनी जुळली. नवऱ्याने संमतीची सही दिली, तपासण्या झाल्या आणि हॉस्पिटलच्या कमिटीसमोर आम्हा दोघांना मंगळवारी बोलावलं. तिथे देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने आपल्या तोंडाने सांगायचं असतं की आम्ही राजीखुशीने करतोय.

त्याच्या आधीच्या शनिवारी तो दोन दिवसांचा मेळावा सुरू झाला. "मला एकट्याला उभं राहवणार नाही, ताई. येशील?" असं त्याने विचारलं आणि मी पहिल्यांदा गेले.

एसीने गारठलेला भलामोठा हॉल. तोंडं रंगवलेली, मुखवटे चढवलेली माणसं शांतपणे समोसे खात फिरत होती. रांगेत आमच्या मागे कोणीतरी भाडेकरू होऊन आला होता. कडक कॉलर, तोंडावर ताणून बसवलेलं पांढरं कापड. तासाभरात तो एक शब्द बोलला नाही. मी भावाला स्टुलावर बसवलं, त्याला पाणी दिलं, आणि दर वेळी वळले की ते कापड माझ्या खांद्याशी. शेवटी मी म्हटलं, "ओ, जरा मागे सरका की!" तो एक पाऊल मागे सरकला. बोलला नाहीच.

आमचा नंबर लागला. चित्रकार साठीचे असतील, किडकिडीत, बोटं शाईने काळी. भावाने नुसतं "सर, आलो" म्हटलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "या या! आज बरोबर कोण?"

"माझी ताई."

"दोघं जवळजवळ बसा. एकाच कागदावर काढतो."

ते माझ्याकडे बघायला लागले आणि मला कसंतरीच झालं. कारण ते माझ्याकडे बघत नव्हते. त्यांची नजर माझ्या उजव्या कानाच्या बाजूने मागे जात होती, माझ्या खांद्यामागे कोणी उभं असावं आणि त्याचं तोंड नीट दिसत नसावं तशी. मी वळून पाहिलं. पांढऱ्या कापडवाला लांब, रांगेसाठी आखलेल्या रेषेच्या पलीकडे उभा होता. माझ्या मागे कोणी नव्हतं.

"हलू नका," ते म्हणाले. पेन्सिल थांबली, पुन्हा सुरू झाली, पुन्हा थांबली. "आहात ना?"

"इथेच तर बसलेय," मी जरा चिडूनच म्हटलं.

कागदाची गुंडाळी करून शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोने ती भावाच्या हातात दिली आणि त्याच्या मोबाईलवर आमचा एक फोटोही काढला. रिक्षात बसल्यावर त्याने ती गुंडाळी उघडली. मीही वाकून बघितलं.

चित्रात माझा भाऊ होता, पण आत्ताचा नव्हता. भरलेले गाल, दाट केस, तेज डोळे, आजारपणाच्या आधी होता तस्सा. आणि त्याच्या शेजारी मी. माझे केस, कानातल्या कुड्या, ओढणीचा काठ, सगळं हुबेहूब. डोळ्यांच्या जागी कागद.

"भाडं दिलं त्याने," भाऊ म्हणाला.

"काहीतरीच काय बोलतोस!"

"मी बरा झालोय, ताई. आणि तू..." त्याने कागद गुंडाळला. "मला नको तुझी किडनी. मंगळवारी मी नाही म्हणून सांगणार आहे."

मी त्याला नको नको ते बोलले. मूर्ख म्हटलं, पोरकट म्हटलं, आईचा विचार कर म्हटलं. तो ऐकून घेत होता आणि मान हलवत होता. डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं होतं, त्याच्या हृदयावर ताण येतोय, फार वाट बघू नका. म्हणजे पेन्सिलीने न काढलेल्या दोन डोळ्यांपायी माझा भाऊ मरायला तयार झाला होता. रिक्षावाला आरशातून आमच्याकडे बघत होता.

घरी पोचते तोवर त्याने मला तो टेबलाशी काढलेला फोटो पाठवला. त्यात माझे डोळे मिटलेले होते. पापणी लवते तेव्हा फोटो निघतो, हे मला काय कळत नाही? सगळं कळत होतं. तरी सकाळी दात घासताना मी आरशाकडे पाठ करून उभी राहिले. खाली उतरले तर आमचा नेहमीचा वॉचमन, अकरा वर्षं मला सलाम ठोकणारा, मोबाईलमधून मान वर करून म्हणाला, "किसके यहाँ जाना है?" लगेच त्याने जीभ चावली, हसला, सॉरी म्हणाला. फार भीती वाटली मला, खोटं कशाला बोलू.

मग भीतीचा राग झाला, माझं नेहमी तसंच होतं. गुंडाळी मी रिक्षातच त्याच्याकडून हिसकावून घेतली होती; ती घेऊन रविवारी दुपारी मी एकटी परत त्या हॉलमध्ये गेले. रांगबिंग काही न बघता थेट टेबलाशी गेले आणि कागद त्यांच्यापुढे आपटला. "डोळे काढा. आत्ताच्या आत्ता."

लोक ओरडायला लागले. त्यांच्या बायकोने मला हाताला धरून पडद्यामागे नेलं, मागोमाग तेही भिंत चाचपत आले. मी सगळं सांगितलं. किडनी, कमिटी, मंगळवार. ते खुर्चीवर बसून ऐकत राहिले, नजर माझ्या कानामागे.

"मला तुमचे डोळे दिसत नाहीत," ते म्हणाले. "कोणाचेच दिसत नाहीत. चार वर्षं झाली. माझ्या डोळ्यांचा मधला भाग गेलाय. कडेकडेचं दिसतं. केस, कान, खांदे. पण जिथे बघायला जावं तिथेच पुसून टाकल्यासारखं होतं."

"मग माझ्या भावाचे कसे काढलेत?"

"तो आधीपासून यायचा. माझी नजर शाबूत होती तेव्हा चार वर्षं काढलाय मी त्याला. हाताला पाठ आहे. तुम्ही कधी आलाच नाहीत."

खरंच कधी आले नव्हते.

"अंदाजाने काढायचे होते काहीतरी," मी शेवटी म्हटलं.

"कान काढता येतात अंदाजाने. डोळे एकदा काढून बघितले होते. त्या बाईने कागद बघितला आणि रडायलाच लागली. म्हणाली, हे माझ्या गेलेल्या बहिणीचे आहेत. तेव्हापासून कोरेच सोडतो. नव्या लोकांना वाटतं, मालिकेतलाच खेळ आहे. गंमत सांगू? भाडेकरूला मी आधी काढला, नजर चांगली होती तेव्हा. बिनचेहऱ्याचा, नुसत्या कडा असलेला. नंतर तो माझ्याकडेच राहायला आला. आता सगळी दुनिया मला तशीच दिसते."

त्यांच्या बायकोने पडदा नीट ओढून घेतला. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

"कसा दिसतो हो तो आता?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. सूज, काळी वर्तुळं, हातातली ती घुरघुर. त्यांनी पेन्सिल हातातल्या हातात फिरवली. "मला कोणी सांगितलंच नाही," ते म्हणाले.

"माझे डोळे कधीच नाही येणार तुमच्या चित्रात?"

"दर वर्षी येत राहिलात तर कडेकडेने थोडे थोडे येतील. पाच-सहा वर्षं तरी लागतील." मग आवाज खाली आणून म्हणाले, "बाहेर बोलू नका, ताई. हे टेबल जाईल माझं." मी शब्द दिला.

तो शब्द मी दोन तासही पाळला नाही. त्याची लाज आहे मला. पुढे त्यांनी स्वतःच सगळ्यांना सांगितलं, म्हणून आज लिहिते आहे, पण त्या संध्याकाळी मला फक्त माझा भाऊ दिसत होता. कांजूरमार्गला गेले, आईला स्वयंपाकघरात पाठवलं आणि त्याला पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं.

मला वाटलं होतं तो सुटकेचा श्वास टाकेल. त्याचा चेहरा पडला.

"चार वर्षं तो मला बघतच नव्हता?"

"आवाजावरून ओळखतात, रे. किती आनंद झाला त्यांना."

"म्हणजे मी असा झालोय हे त्याला माहीतच नाही." तो भिंतीकडे बघत राहिला. "मला वाटायचं, बघून न बघितल्यासारखं करतो. चांगला माणूस आहे, म्हणून जुना चेहरा काढून देतो."

मी त्याच्या हातावर हात ठेवला. डाव्याच. आत घुरघुरत होतं आणि मी हात काढला नाही. तो मंगळवारी काय म्हणणार हे मी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही.

मंगळवारी कमिटीच्या खोलीत चार डॉक्टर, एक बाई आणि तिपाईवर कॅमेरा. आधी मला विचारलं, मी धडाधड उत्तरं दिली. मग त्याच्याकडे वळले. नाव, पत्ता, वय. सगळं त्याने नीट सांगितलं. नंतर त्या बाईंनी माझ्याकडे बोट केलं. "ह्या तुमच्या कोण?"

तो वळला आणि माझ्याकडे बघत राहिला. बोलेचना. इतका वेळ गेला की एका डॉक्टरने पेन खाली ठेवलं. त्याच्या नजरेत काहीच नव्हतं, बसस्टॉपवर शेजारी उभ्या असलेल्या बाईकडे बघावं तसं तो बघत होता. मला खरोखर वाटलं, हा आता म्हणणार की मी हिला ओळखत नाही. आणि हे सगळे मान डोलावतील, आणि मी ह्या खोलीत नसेनच.

"तुम्हाला प्रश्न कळला का?" बाईंनी पुन्हा विचारलं.

"कळला. माझी ताई आहे," तो म्हणाला. आवाज फाटला होता. "मी घेतो किडनी. पण ऑपरेशनमध्ये हिला काही झालं तर मला शुद्धीवर आणायचं नाही. एवढं लिहून घ्या."

"गप बस, मूर्खा!" मी कॅमेऱ्यासमोरच ओरडले. बाईंनी मला दोनदा शांत व्हायला सांगितलं, पण मला रडू आवरत नव्हतं.