मामांच्या रानात बाई वाकत नाही

श्रावणातला दुसरा सोमवार. काम: सोयाबीनमधलं कुंजरूचं तण बी धरण्याआधी उपटणे.

हे काम ज्यांच्यामुळे निघालं ते आमच्या बांधापलीकडचे मामा. तणांचा एवढा कट्टर वैरी सगळ्या अंबड तालुक्यात दुसरा नसेल. नात्याने ते आमचे कोणी नाहीत. सासऱ्यांचे दोस्त, म्हणून माझे मामा. घनसावंगीला एका लग्नात त्यांना मंडपाच्या खांबाशी गाजरगवत दिसलं. मंगलाष्टकं चालू असतानाच त्यांनी ते मुळासकट उपटलं आणि त्याच चिखलाच्या हाताने नवरानवरीवर अक्षता टाकल्या. नवरीच्या आईने डोळे वटारले, तर म्हणाले, "फुलावर आल्तं, बाई. तुमच्या मुहूर्तापरीस त्याला जल्दी व्हती."

फवारणीला निघताना ते जुना रेनकोट आणि मोटारसायकलचं हेल्मेट घालतात. गावची कुत्री त्यांना वेशीपर्यंत पोचवून येतात. तणनाशक मात्र वर्षानुवर्षं एकच. अंबडचे दुकानदार शेठ एकदा म्हणाले, "मामा, यंदा दुसरं न्या. तुमचं तण याला सरावलंय." मामा म्हणाले, "शेठ, तुम्ही बायको बदलता का? मंग मी औषध काहून बदलू?" आतून शेठाणी हसली.

मामा बदलले नाहीत, पण कुंजरू बदललं. आधी फवारणीनंतर दोनचार झाडं हिरवी राहिली. त्यांचं बी पडलं. पुढच्या साली खाटेएवढा हिरवा ठिपका दिसला, मग खळ्याएवढा. मामा दर साली पंपात एक झाकण औषध वाढवत गेले. त्याने सोयाबीन पिवळं पडलं, कुंजरू डुलत राहिलं. मरायचं होतं ते कधीच मेलं होतं. उरलेल्याचीच पैदास चालली होती. यंदा ते बांध ओलांडून माझ्या पिकाच्या तासांत आलं.

म्हणून दुपारी मी स्पष्टच सांगितलं, "मामा, तुरे निघालेत. आता बी झडलं तर तुमचं रान हातचं गेलं, त्याच्यामागं माझंही जाईल. उद्या चार बाया आणते. उपटून पोत्यात भरू. पुढच्या साली औषध बदलू, कोळपं चालवू."

"औषध बदल म्हन, बराबर हाय. बाया न्हाई."

"का?"

"माझ्या रानात बाई वाकणार न्हाई."

त्यांच्या डोळ्यांपुढे मामी होत्या. खुरपून खुरपून मामींची पाठ अशी वाकली होती की चुलीपासून उठल्या तरी बसल्यासारख्याच दिसत. त्याच साली मामांनी पंप आणला. बायकोसाठी पंप घेतला म्हणून गाव हसलं. मामी मग बांधावर खुर्ची टाकून बसायच्या आणि हात करून ओरडायच्या, "अवो कारभारी, इकडं ऱ्हायलं!" पुढे मामी गेल्या. पंप राहिला, औषधही तेच राहिलं.

पण बी कोणाच्या दुःखासाठी थांबत नाही. मी म्हटलं, "मग तुम्ही उपटा."

आमच्याकडे खुरपणी बायांची. पुरुषाने ती केली तर पारावर त्याची चेष्टा दिवाळीपर्यंत पुरते. मामा हेल्मेट काखेत मारून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी फटफटताना मी पोती घेऊन गेले. मामा आधीच आले होते. उकिडवे बसून कुंजरू उपटत होते, आणि कोणी ओळखू नये म्हणून डोक्यावर हेल्मेट होतं.

मी पदर खोचून खाली बसायला लागले.

"सूनबाई, वाकू नको. उभीच ऱ्हा."

मी पोत्याचं तोंड दोन्ही हातांनी उघडून धरलं आणि उभी राहिले. ते उपटत होते, पोत्यात टाकत होते, पुढे सरकत होते. सोयाबीनच्या दोन ओळींच्या मध्ये एक झाड सुटलं.

"मामा," मी म्हटलं, "इकडं राहिलं."

त्यांनी मान वर केली. मग हेल्मेटची काच खाली ओढली आणि इकडे सरकले. मी पोतं जरा खाली धरलं.