फायनलच्या मैदानावर नेलेले पोहे

माझी मुलगी हरणार हे मी गृहीत धरलं आणि त्या भरवशावर तिची रविवारची संध्याकाळ परस्पर देऊन टाकली. मूर्खपणा मी आयुष्यात पुष्कळ केला, पण इतक्या पद्धतशीरपणे, कॅलेंडरसमोर उभं राहून केलेला हा एकच.

मुलगी तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती आणि विद्यापीठाच्या मुलींच्या फुटबॉल संघात गोलकीपर होती. दर वर्षी देशभरातल्या विद्यापीठांची स्पर्धा व्हायची. त्यासाठी ती रेल्वेने कुठे कुठे जायची, पहिल्या-दुसऱ्या फेरीत हरायची आणि मळक्या कपड्यांची पिशवी घेऊन घरी यायची. मी ते कपडे भिजत घालायची. स्पर्धा म्हणजे जास्तीचं धुणं, एवढंच माझं क्रीडाविषयक ज्ञान. त्या वर्षी ही स्पर्धा आपल्या पुण्यातच भरली, आणि तिला ती खेळायला मिळण्याचं ते शेवटचं वर्ष होतं. तिने हे मला सांगितलं होतं. मी "बरं" म्हणाले होते, दारावर आलेल्या विक्रेत्याला म्हणावं तसं.

त्याच सुमारास मला एक स्थळ सापडलं. त्या वर्षांत पुण्याला कॉम्प्युटरचं वारं लागलं होतं. वारज्याच्या आमच्या नव्या सोसायटीत ज्यांच्या घरी अजून फोनही आला नव्हता, त्यांची मुलं अमेरिकेला निघाली होती. असा मुलगा जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या रजेवर यायचा. तेवढ्यात दाढ दाखवायची, मुली बघायच्या आणि लग्न ठरवून परत जायचं. आमच्या स्थळाचा मोठा गुण म्हणजे मुलगा उंच होता. माझ्या मुलीची उंची ऐकून चांगली चांगली माणसं "कळवतो" म्हणून फोन ठेवत. मी तिला वाकून चालायलासुद्धा सांगून पाहिलं होतं. तेवढी अक्कल मला होती.

मुलाच्या आईचा फोन आला. "रविवारी चारला येऊ का? सोमवारी त्याचं विमान आहे."

रविवारी फायनल आहे हे मला माहीत होतं. पण शुक्रवारी सेमीफायनल होती आणि ती पंजाबच्या मुलींशी. त्या मुलींना मी कधी पाहिलं नव्हतं, तरी त्या भांडंभर दूध पिऊन वाढलेल्या असणार असा माझा अंदाज होता. आमची पोर वरण-भातावरची. तेव्हा मी म्हणाले, "या की. आम्ही मोकळेच आहोत."

शुक्रवारी संध्याकाळी ती दारात उभी राहिली, गुडघ्यांपर्यंत माती. "आई, जिंकलो. रविवारी चारला फायनल."

"चारलाच?"

"हो. तू येशील ना?"

मग मला पाहुण्यांचं सांगावं लागलं. आणि वर मी जे म्हणाले, ते लिहिताना आजही स्वतःला एक टपली मारावीशी वाटते. मी म्हणाले, "तुमच्यात दुसरी एखादी गोलकीपर असेल ना?"

तिने भांडायला हवं होतं. भांडणात मी कधी हरले नाही. पण ती खाली बसून बुटांची नाडी सोडत राहिली. गाठ सुटेना. मान वर न करता म्हणाली, "आहे की. चार वर्षं बाकावर बसलीय. तिला आनंदच होईल."

तेवढ्यात वर्तमानपत्रामागून आवाज आला. आमच्या घरात महत्त्वाचे निर्णय तिथूनच येत. "मॅच काही इथे आणता येणार नाही," हे म्हणाले. "पोहे तिकडे नेता येतील."

"अहो, काहीतरीच काय. लोक काय म्हणतील?"

"गार झाले म्हणतील."

मी मुलाच्या आईंना फोन करून मैदानावरच बोलावलं. त्या "येतो" म्हणाल्या, पण 'येऊन दाखवतो' अशा आवाजात.

रविवारी मी मोठा डबा भरून पोहे केले आणि तो टर्किश टॉवेलमध्ये गुंडाळला. खोबरं-कोथिंबीर वेगळी, लिंबाच्या फोडी वेगळ्या, चहाचा थर्मास. रिक्षावाल्याने सामान बघून विचारलं, "मावशी, डोहाळजेवण आहे का?" यांनी सांगितलं, "नाही, फायनल आहे." त्याने मीटर टाकला.

मला वाटलं होतं, देशाची फायनल म्हणजे काहीतरी थाट असेल. प्रत्यक्षात होता एक छोटा मांडव, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, कॉलेजची थोडी मुलं आणि मैदानाच्या कोपऱ्यात निवांत झोपलेलं एक कुत्रं. मला पाहुण्यांसमोर मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुलाच्या आई रेशमी साडीत आल्या, खुर्चीवर रुमाल अंथरून बसल्या. मुलगा मात्र खुशीत होता. तो तिकडच्या विद्यापीठात शिकलेला. तिथे फुटबॉल म्हणजे वेगळाच प्रकार, तो सांगू लागला. डोक्याला हेल्मेट, पपईसारखा चेंडू आणि तो हातात घेऊन पळायचं. कॉलेजांची देशाची फायनल असली की आख्खं गाव एका रंगाचे कपडे घालतं आणि अनोळखी माणसं एकमेकांच्या घरी टीव्हीला चिकटून बसतात.

"इथे टीव्हीवर नाही दाखवत?" त्याने विचारलं.

"तुमच्यासाठी थेट आणलीय," हे म्हणाले.

"मुलगी कुठली?" त्याच्या आईंनी मुद्द्याला हात घातला.

"ती बघा, खांबांच्या मध्ये उभी आहे ती."

"एकटीच?"

"तिचं कामच तसं आहे," मी म्हणाले. म्हणाले खरं, पण तिचं काम मी त्या दिवशी पहिल्यांदाच बघत होते. घरी दिवसभरात चार शब्द बोलणारी ही मुलगी तिथे उभी राहून दहा जणींना हुकूम सोडत होती. "डावीकडे बघ. मागे ये. सोड तिला." आणि त्या ऐकत होत्या. माझ्या घरात माझं कुणी इतकं ऐकत नव्हतं. आणि वाकून चाल म्हणून जिला मी सांगत होते, ती हात वर करून वरच्या दांड्याजवळचा चेंडू काढत होती.

अर्ध्या खेळापर्यंत कुणाचाच गोल नव्हता. मधल्या सुट्टीत ती आमच्याकडे आली, मातीने भरलेली. हातमोज्यांसकट नमस्कार केला. मुलाच्या आईंनी ठरलेला प्रश्न विचारला, "गाणं येतं का?"

"नाही. ओरडता येतं," म्हणाली आणि पाण्याची बाटली घेऊन पळाली. मुलगा इतक्या मोठ्यांदा हसला की त्याच्या आईंनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

खेळ पुन्हा सुरू झाला आणि आमच्या मुलींनी एक गोल केला. त्यानंतर समोरच्या, ईशान्येकडून आलेल्या, बुटक्या आणि विजेसारख्या मुली नुसत्या तुटून पडल्या. एक चेंडू उंच आला. ही पुढे धावली, त्यांच्यातली एक उडी मारून आली आणि दोघी धाडकन आदळल्या. आमची खाली पडली ती उठेना. ओठातून रक्त.

मी मैदानात धावले. हातात पोह्यांचा डाव तसाच. खरं सांगते, पहिला विचार आला तो समोरच्या दातांचा. दात गेला तर स्थळ गेलं. जवळ जाऊन पाहते तर ती चेंडू पोटाशी घट्ट धरून पालथी पडलेली, आणि डोळे उघडे.

शिट्टी वाजली. "काकू, बाहेर व्हा," पंच म्हणाले.

"आई, जा ना," ती खालून म्हणाली. "वेळ चाललाय, चालू दे."

मी बाहेर आले. राहिलेला सगळा वेळ मी पाहुण्यांकडे पाठ करून उभी होते. दात, स्थळ, अमेरिका, काही डोक्यात नव्हतं. नुसतं 'चेंडू तिकडे जाऊ दे' एवढंच. शेवटची शिट्टी झाली तेव्हा एका गोलाने जिंकलेल्या आमच्या मुली एकमेकींच्या अंगावर पडून रडत होत्या, आणि मग सगळ्या जणी पोह्यांवर पडल्या. हरलेल्याही आल्या. अमेरिकेचा मुलगा कागदी बशा वाटत होता. गार पोह्यांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाच्या आईंचा फोन आला. पत्रिकेत थोडा दोष निघाला होता. महिन्यापूर्वी छान जुळलेली पत्रिका एका रात्रीत बिघडली होती. मी "हो का, असू दे" म्हणून फोन ठेवला आणि स्वतःसाठी चहा टाकला. वाईट वाटायला हवं होतं. मी थोडी वाटही बघितली.

मुलगी सुजलेल्या ओठाने दही-भात खात बसली होती. स्थळ गेल्याचं मी तिला सांगितलं आणि मग त्याच दमात खरंही सांगून टाकलं. शुक्रवारी तुम्ही हरणार असं वाटलं, म्हणून मी त्यांना रविवार दिला. मला वाटलं आता ताट सरकवेल. तिने एक घास सावकाश चावला, गिळला आणि म्हणाली,

"अगं, शुक्रवारी हरणार असं आम्हालाही वाटलं होतं. पण आम्ही नाही कुणाला पोह्यांना बोलावलं."