दाढेतली चौथी नळी

रूट कॅनाल केलेली वरची दाढ इतक्या वर्षांनी पुन्हा ठणकायला लागली, म्हणून नव्या डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी कॅप काढली आणि आत भरलेलं जुनं, गुलाबी रबरासारखं काहीतरी बारीक सुईनं कोरून कोरून बाहेर काढलं. मी आ वासून एका वाक्याची वाट पाहत होते, "कुणी केलंय हो हे असलं काम?" नळ दुरुस्त करणारा, गवंडी, ब्लाउज उसवून देणारी शिंपीण, सगळ्यांची सुरुवात त्याच वाक्यानं होते.

बाई ते म्हणाल्याच नाहीत. भिंगातून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "काकू, या दाढेत कधीकधी चौथी नळी असते, केसाएवढी. ती राहून गेलीय. पटकन सापडत नाही हो. बाकीचं छान केलंय आधीच्या डॉक्टरांनी."

आभार मानायचे होते, पण तोंड उघडंच. ज्याचं काम उकलायचं, त्याची अब्रू राखूनही ते उकलता येतं तर! तीस वर्षं मी शाळेत गणित शिकवते आणि दर जूनमध्ये नव्या वर्गाला आधी विचारते, "गेल्या वर्षी कोण होतं रे तुम्हाला शिकवायला?"

यंदा पाचवीतली एक मुलगी भागाकारात अडली. तोच प्रश्न ओठांवर आला. जीभ सवयीनं दाढेकडे गेली. दाढ शांत होती. मी तिच्या शेजारी बाकावर बसले आणि म्हटलं, "दाखव बरं, नेमकं कुठे अडतंय?"