केसरबाईंची उरलेली दोन पानं

सम्यकचा लॅपटॉप मी साफ केला. फडक्यानं केला असता तर हे लिहायची वेळ आली नसती.

कन्नडला, माझ्या गावी, शाळेत एकच कॉम्प्युटर होता आणि तो वर्षभर प्लॅस्टिकच्या पिशवीत असायचा. खंडेनवमीला पिशवी काढून त्याला हार घालायचे, की पुन्हा पिशवीत. तरी विद्यापीठाच्या हॉस्टेलवर मी ‘कॉम्प्युटरवाला शिवम’ कसा झालो? तर तीन महिन्यांचा एक कोर्स, आणि न विचारता सल्ला द्यायची सवय.

एप्रिल होता. परीक्षेला अकरा दिवस. माझा रूममेट सम्यक लायब्ररीत निघाला होता. जाता जाता म्हणाला, “शिवम, लॅपटॉप लई रेंगाळतो बे हल्ली. बघ जरा.”

बघ म्हणाला होता. मी फॉरमॅट केला. वर नवीन विंडोज टाकलं, आणि आपल्याकडून भेट म्हणून दोन हजार गाणी भरायला लावली. निम्मी गाणी भरून झाल्यावर मला आठवलं, की या डब्यात केसरबाई होत्या.

केसरबाई म्हणजे सम्यकची आई. देवगाव रंगारीच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायच्या. सम्यक चार वर्षांचा असताना त्याला गोवर निघाला आणि डोळे गेले. शिकला मात्र हट्टानं, इतिहासात एम.ए.पर्यंत. इंग्रजी पुस्तकं लॅपटॉप त्याला घडाघडा वाचून दाखवायचा. पण जुनी मराठी पुस्तकं, पिवळी पानं, झिजलेली अक्षरं त्या यंत्राला झेपायची नाहीत. मग सुट्टीत सम्यक ती पुस्तकं गावी न्यायचा. तीन वाजता भांडी घासून झाली, की सातवी शिकलेल्या केसरबाई शाळेच्या स्वयंपाकघरात पालथ्या पातेल्यावर बसायच्या आणि मोबाइलचं रेकॉर्डिंग लावून त्यापुढं वाचायच्या. एकेक शब्द चाचपत. पान संपलं की म्हणायच्या, “पान उलटते रे.” मधूनमधून स्वतःचे शेरे असायचे. “ह्या सुभेदाराला घरात कुनी विचारत नसंल, म्हनून एवढा वरडतो.” मागं पातेल्यांचा खणखणाट. मी एकदोनदा ऐकलं होतं. परीक्षेत सम्यकला सगळ्यात जास्त मार्क त्या शेऱ्यांमुळं पडतात असं माझं मत होतं.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत केसरबाई एका पुस्तकाच्या आठव्या प्रकरणापर्यंत आल्या. नववं, शेवटचं, राहिलं. मग कावीळ झाली आणि आठ दिवसांत गेल्या. मोबाइल त्याआधीच विहिरीत पडला होता. आवाज उरला तो लॅपटॉपात.

आईच्या जाण्यात सम्यकचा त्या पुस्तकावरचा पेपर बुडाला. आता पुन्हा द्यायचा होता. या वेळी गेला तर वर्ष जाणार, वर्षाबरोबर हॉस्टेलची खोलीही जाणार. नववं प्रकरण मी वाचून देतो, असं जानेवारीत मीच छाती ठोकून सांगितलं होतं. जानेवारीपासून मी ते ‘उद्या’ वाचत होतो.

लॅपटॉप पुसला त्याच आठवड्यात आमच्या विभागानं एक फॉर्म वाटला होता. ‘अभ्यासासाठी लॅपटॉप आवश्यक आहे काय? होय/नाही. कारण लिहा.’ गोळा करायचं काम माझ्याकडं. समोरच्या खोलीतल्या इंद्रजीतनं लिहिलं, ‘नाही. घेतल्यापासून दोन विषय गेले.’ सम्यकचा फॉर्म मी भरत होतो.

“होय लिही,” तो म्हणाला.

“कारण?”

“आई.”

“विभागप्रमुखांना आई कशी कळणार बे?”

“त्यांना पण असंल की एखादी.”

मी कारणाची जागा मोकळी ठेवली. नंतर बघू म्हटलं. माझं सगळं नंतरच असतं.

तर, गाणी भरणं थांबवून मी गुलमंडीच्या एका बोळात मोतीरामकडं पळालो. मोतीराम म्हणजे लॅपटॉप दुरुस्त करणारा माणूस, पन्नाशीचा, चष्म्यावर आणखी एक भिंग लावणारा. त्यानं लॅपटॉप उलटा केला, स्क्रू काढले, हार्ड डिस्क हातात घेतली.

“पुसलं ते ठीक. वर काय टाकलं?”

“विंडोज. आणि गाणी.”

“कितीक?”

“हजारेक.”

त्यानं माझ्याकडं भिंगातून पाहिलं. “पोरा, खड्ड्यात पडलेली वस्तू काढता येती. तू तर वरून मुरूम टाकून रस्ता केला. डिस्क राहू दे माझ्याकडं. चार-पाच दिवस बघतो. आशा धरू नको.”

डिस्क तिथं राहिली. रिकामं धूड घेऊन मी हॉस्टेलवर आलो आणि सम्यकच्या टेबलावर होतं तसं ठेवून दिलं. चहा पिऊन सांगू म्हटलं. चहा झाला. जेवण करून सांगू म्हटलं. दुसऱ्या दिवशी तीन वाजता खोलीत आलो तर सम्यक टेबलाशी बसला होता. लॅपटॉप उघडा, कानात इयरफोन, मान जराशी डावीकडं कललेली. आईला ऐकताना त्याची मान तशीच कलायची.

मी दारातच थांबलो.

“आला का हुशार?” तो म्हणाला. माझी चप्पल त्याला जिन्यावरच कळते. “आत ये, नाहीतर बाहेर जा. मधी उभा राहून ऊन अडवू नको.”

“काय करतोय?”

“पापड लाटतोय. दिसंना का तुला?”

“काय ऐकतोय, म्हणतो मी.”

“आठवं. संपतच आलं.”

स्क्रीन काळी होती. पाठ आहे त्याला, मी स्वतःला समजावलं. शंभरदा ऐकलेलं माणसाला पाठ होणारच. दुःखात माणूस असं करतो. हे मी कुठं वाचलं नव्हतं, पण वाचल्यासारखं वाटून घेतलं आणि सांगायचं आणखी एक दिवस टाळलं.

तिसऱ्या दिवशी तो स्वतःच म्हणाला, “नववं लागलं आजपासून.”

“नववं कुठंय तुझ्याकडं?”

“तू देणार होता ना वाचून? तू काय देत नाय. तिनंच घेतलं मग.”

हे तो माझी खेचताना ज्या आवाजात बोलतो त्याच आवाजात बोलला. त्यामुळं हसावं की काय करावं ते मला कळेना. मी खाली जाऊन इंद्रजीतच्या गाडीवर उगीच बसून राहिलो.

पाचव्या दिवशी हॉस्टेलची लाइट गेली. छावणीच्या बाजूनं गरम वारं येत होतं, गॅलरीतले वाळत घातलेले टॉवेल हलत होते. तीन वाजलेले. सम्यक तसाच बसलेला. मी जवळ गेलो, त्याच्या एका कानातला इयरफोन न विचारता काढला आणि माझ्या कानात घातला.

काही नव्हतं. पंख्याची घरघर तेवढी येत होती. अर्धा मिनिट मी ती ऐकत राहिलो. मग वर बघितलं. पंखा थांबलेला होता.

“थांबली बघ,” सम्यक म्हणाला. “तू असला की हळू वाचती.” मग जरा वेळ ऐकून हसला. “अरे, गोंधळली. म्हनती, पुस्तक बांधनाऱ्याला काय दारू पाजली व्हती का? एकशेसाठनंतर एकदम एकशेसत्त्याहत्तर आलं म्हनं. मधली पानं मागं सापडतात का बघती. थांब.”

मी इयरफोन काढून त्याच्या हातात दिला.

पुस्तक सम्यकच्याच फळीवर होतं, मी वाचावं म्हणून जानेवारीपासून ठेवलेलं. ते घेऊन मी गॅलरीत उन्हात गेलो. जुनी काही पुस्तकं अशी असतात, की पानं वरच्या कडेला जोडलेलीच राहतात. पहिल्यांदा वाचणाऱ्यानं ती कापून मोकळी करायची. लायब्ररीत ते पुस्तक साठ वर्षं तरी असेल आणि तेवढ्या वर्षांत कुणी कापलं नव्हतं. केसरबाईंनी कापलं होतं, बहुतेक भाजीच्या सुरीनं. कडा दातेरी, एकशेचव्वेचाळीसाव्या पानापर्यंत. त्या पानाच्या कोपऱ्यात हळदीचं बोट. तिथून पुढं नववं प्रकरण, आणि सगळी पानं जोडलेली. आत कुणाचीही नजर गेलेली नव्हती.

स्टीलच्या पट्टीनं मी एकेक पान कापत गेलो. एकशेअठ्ठावन्न. एकशेएकोणसाठ. एकशेसाठ.

त्यापुढं एकशेसत्त्याहत्तर.

मधली सोळा पानं अगदी शेवटी, एकशेब्याण्णवनंतर बांधलेली होती. एप्रिलच्या उन्हात माझ्या दातावर दात वाजत होते. समोरच्या गॅलरीतून इंद्रजीत ओरडला, “काय रे, अभ्यास करतो का काय? तब्येत बरीय ना?”

संध्याकाळी मी सम्यकला सगळं सांगितलं. फॉरमॅट, गाणी, गुलमंडी, मोतीरामकडं राहिलेली डिस्क. माफी मागितली. तो खाटेवर बसून काठीची घडी घालत होता. घातली, उलगडली, परत घातली.

“मला म्हाइतीय,” तो म्हणाला. “पहिल्याच दिवशी उचलला तेव्हा हलका लागला.”

“मग बोलला का नाही?”

“शिव्या देनार व्हतो. लई चांगल्या तयार केल्या व्हत्या. पन तीन वाजले, म्हनून सवयीनं कानात घातलं. तर ती चालूच. आता ती थांबली नाय तर मी कशाला थांबू?”

“सम्यक, भीती नाही वाटत?”

“आईची?” तो म्हणाला. “तुला वाटावी. पुसलं तू.”

त्यानंतर तीन वाजले की मी खोलीत थांबत नसे. परीक्षेच्या आदल्या दिवशी मात्र त्यानंच हाक मारली. इयरफोन गुंडाळून टेबलावर ठेवलेले होते.

“एकशेनव्वदपर्यंत आली,” तो म्हणाला. “म्हनाली, दोन पानं ऱ्हायली. ज्यानं पुसलं त्याला वाचायला लाव. मोठ्यानं वाच म्हनावं, पुटपुटू नको.”

“आणि मग?”

“मग काय? मग संपलं पुस्तक.”

तो म्हणाला, “पेपरापुरतं एवढं बास हाय. दोन पानं तू नंतर दे.”

‘नंतर’ हा शब्द त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला.

पेपर त्यानं दिला. लिहायला लेखनिक म्हणून पहिल्या वर्षाची मोनिका होती. बाहेर आल्यावर तिनं मला बाजूला घेतलं. “शिवमदादा, सम्यकदादा ठीक आहेत ना? उत्तर सांगताना मध्येच थांबायचे आणि म्हणायचे, पान उलटते रे. मी उलटवलं की पुढं सांगायचे. बाईच्या आवाजात नाही हां. पण तसंच.” तिनं पेन बॅगेत टाकलं, आणि पुन्हा काढून बघितलं. नववं प्रकरण आलं होतं, मोठ्या प्रश्नाला.

जूनमध्ये निकाल लागला. सम्यक पास झाला, माझ्यापेक्षा नऊ मार्कांनी पुढं. खोली राहिली. मोतीरामच्या हाती काही लागलं नाही, त्यानं नवी डिस्क बसवून दिली आणि मला सांगितलं, “यापुढं स्वतःचं पुसत जा, दुसऱ्याचं नको.” लॅपटॉप आता सुरळीत चालतो. सम्यक त्यावर इंग्रजी पुस्तकं ऐकतो, नेटच्या परीक्षेची तयारी करतो. तीन वाजता मात्र बंद करून ठेवतो आणि इयरफोन शेजारी ठेवून नुसता बसतो.

विभागाचा फॉर्म तेवढा द्यायचा राहिला होता. मी विचारलं, “कारण काय लिहू आता?”

“लिही, लागतो. बंद असला तरी चालतो.”

तसंच लिहिलं. विभागप्रमुखांनी त्यावर बरोबरची खूण केली. वाचलं नसणार.

पुस्तक मी माझ्या नावावर घेतलंय आणि दर पंधरा दिवसांनी मुदत वाढवून आणतो. ती दोन पानं मनात वाचून झालीत. त्यात काहीच नाही. एक तह, दोन सनावळ्या, शेवटी चार ओळी आणि ‘समाप्त’. मोठ्यानं वाचली तर पाच मिनिटं. जिन्यावर माझी चप्पल वाजली, की सम्यक आतून ओरडतो, “शिवम, दोन पानं हायेत तुझ्याकडं!”

“आहेत, आहेत. उद्या वाचतो,” मी म्हणतो.

“घाई नाय,” तो लगेच म्हणतो.