बॅट टाकायची की धरायची
छापखान्यातल्या बाइंडरला क्रिकेट आणि बेसबॉल, दोन्हींचं सारखंच वेड. जेवणाच्या सुट्टीत तो पुठ्ठ्यावर दोन्ही मैदानं काढून समजावत बसायचा, की बेसबॉलमध्ये फटका मारला की बॅट टाकून पळतात, क्रिकेटमध्ये मात्र हातात धरूनच पळतात. ऐकून ऐकून सगळ्यांचे कान किटले होते.

शनिवारी छापखान्याच्या क्रिकेट संघात एक गडी कमी पडला, म्हणून नाइलाजाने याला घेतलं. शेवटच्या चेंडूवर जिंकायला दोन धावा हव्या होत्या. याने चेंडू असा टोलवला की कप्तान, म्हणजे त्यांचा मशीनमन, आनंदाने उभाच राहिला. आणि या पठ्ठ्याने बॅट दिली भिरकावून. रिकाम्या हातांनी जीव तोडून पळाला आणि दुसऱ्या धावेला वीतभर अंतराने धावबाद झाला. हातात बॅट असती तर आरामात पोचला असता.

"फरक आम्हाला पाठ झाला रे," मशीनमन म्हणाला, "तुझाच राहिला."

रविवारी दिवसभर तो धुमसत होता. संध्याकाळी टीव्हीवर बेसबॉल लागलं. खेळाडूने फटका मारला, बॅट टाकली आणि धावला.

"बॅट घे ना, गाढवा," हा खेकसला.

बायको शांतपणे म्हणाली, "त्याचं बरोबर आहे. तुमचा खेळ कालच संपला."